मिरच्या संपल्या का?

१

कालिनाचा लॅपटॉप कुणीतरी मुद्दाम लंगडा केला होता, आणि तो कुणी केला हे मिंचेव्ह साहेबांनी तपासाच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

“बोर्यानाच. दुसरं कोण असणार?” ते टेबलावर बोट आपटत म्हणाले. “व्हिएन्नाच्या औषध कंपनीचं वर्षभराचं काम होतं, बाई! काल दुपारी बाराच्या आत त्यांच्या वेबसाइटवर कागद चढवायचे होते. कालिना घरून अकरापासून बसली होती. पान उघडतंय, उघडतंय, उघडतंय... आणि बारा वाजता दार बंद. काम गेलं सोफियाच्या लोकांकडे. मी काय आता टाळ्या वाजवू?”

स्नेझाना व्लादोव्हा ऐकत होती. प्लोवदिव्हमधल्या त्या भाषांतर कचेरीची सगळी यंत्रं तीच सांभाळायची. कुणाचं काही अडलं की पहिला फोन तिला, आणि काम झालं की तिची आठवण कुणालाच नाही.

“पुरावा काय?” तिनं विचारलं.

“मागच्या आठवड्यात बोर्यानाचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता. दोन दिवस तिनं कालिनाचा वापरला. कालिनाला तो परत मिळाला आणि शनिवारपासून रडायला लागला. शिवाय मुख्य भाषांतरकाराची जागा दोघींनाही हवी आहे. अजून काय पाहिजे? आज सहा वाजता मी बोर्यानाच्या हातात नारळ देणार. तू फक्त तिनं काय उद्योग केला ते सांग.”

“आधी बघते. मग सांगते.”

“बघ, पण सहाच्या आत. मी थांबणार नाही.”

बोर्याना जिन्यातल्या कॉफीच्या यंत्रापाशी एकटीच उभी होती. तिच्या आसपास कुणी फिरकत नव्हतं. जूनमध्ये कामाला लागलेली, पस्तिशीची, बोलायला फटकळ. आज मात्र तिचा चेहरा उतरला होता.

“मी काय हॅकर आहे?” ती म्हणाली. “मला प्रिंटरमधला कागद बदलता येत नाही, विचार कुणालाही. ह्या गावात भाषांतराच्या कचेऱ्या आहेतच किती? हा माणूस तिन्हीकडे फोन करेल. दगा देणाऱ्या भाषांतरकाराला कोण उभं करतं? माझं नाव गेलं की सगळंच गेलं, स्नेझाना.”

“कालिनाचं आणि तुझं बिनसलं कशावरून?”

“तिलाच ठाऊक. पहिल्या महिन्यात माझ्यासाठी घरून चीज भरलेली बानित्सा आणायची. कागदात गुंडाळून, गरम गरम. मग एके दिवशी बंदच झाली. बोलणंही बंद.” बोर्यानानं कप चुरगळला. “आणि तो लॅपटॉप म्हणशील तर माझ्याकडे होता तेव्हाही रखडतच होता की! इथं बसूनच काम करायचे मी. मला वाटलं, कचेरीचं वायफाय असेल.”

स्नेझानानं मान वर केली. “तुझ्याकडे होता तेव्हाही? पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या मिनिटापासून.”

२

कालिनाकडे जायचं स्नेझाना शक्यतो टाळायची. कारण साधं होतं, आणि वीस वर्षं जुनं होतं. कालिनाचा नवरा प्लामेन हा आधी स्नेझानाचा होता. तांत्रिक महाविद्यालयात दोघं बरोबर होती. लग्नाची बोलणी व्हायचीच काय ती बाकी होती, आणि मध्येच कालिना आली. गोरीपान, हसरी, चार भाषा बोलणारी. झालं! स्नेझानानं नंतर एक लग्न करून पाहिलं, मोडूनही पाहिलं. पण प्लामेनला तिच्या मनातलं न सांगता कळायचं, तसं पुढं कुणाला कळलं नाही. तो आपला एकदम विचारायचा, “काय ग, घरची आठवण येतेय का?” आणि खरंच येत असायची. असा माणूस त्या बाईला मिळावा, आणि तिला त्याची किंमतही नसावी, हे स्नेझानाला आजही सहन होत नसे.

त्राकिया भागातल्या इमारतीच्या दारापाशीच मिरच्या भाजल्याचा वास आला. सप्टेंबर म्हटल्यावर सगळ्या बाल्कन्यांतून तोच वास. तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी काचा लावून बंद केलेली होती. तिथं प्लामेनची आई, स्टोयांकाकाकू, स्टुलावर बसून लाल ढोबळ्या मिरच्या चुश्कोपेकमध्ये एकेक करून सोडत होती. मातीच्या मडक्यासारखं ते विजेवरचं भाजायचं यंत्र लालभडक तापलं होतं.

“ये पोरी, ये,” काकू म्हणाली. “हात रिकामा असेल तर सालं काढायला बस.”

“कामाला आलेय, काकू.”

“हेही कामच आहे की. आठवडा झाला, संपतच नाहीत मेल्या. यंदा गावाहून दोन पोती जास्तीची आली.”

कालिना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. डोळे सुजलेले. आणि तरी सुंदरच दिसत होती, ते एक स्नेझानाच्या डोक्यात गेलं.

“बघ तिनं काय करून ठेवलंय,” कालिना म्हणाली. “माझी वर्षाची मेहनत गेली. त्या बाईला माझी जागा हवी होती, घेऊ दे म्हणावं आता.”

स्नेझानानं एक पान उघडायला सांगितलं. पांढरा पडदा. पाचेक सेकंद काहीच नाही. मग धाडकन सगळं पान आलं. त्याच वेबसाइटवरचं दुसरं पान मागितलं, ते चटकन आलं. नवी वेबसाइट मागितली, की पुन्हा तेवढंच थांबणं. चार-पाच वेळा करून पाहिलं. दर वेळी थांबणं अगदी तेवढंच.

“लाइन खराब नाही तुमची,” स्नेझाना म्हणाली. “लाइन खराब असती तर कधी दोन सेकंद लागले असते, कधी दहा. हे नेमकं एवढंच थांबतं. म्हणजे हा कुणाच्यातरी उत्तराची वाट बघत बसतो आणि शेवटी नाद सोडतो.”

“कुणाच्या उत्तराची?”

“हे बघ. तू वेबसाइटचं नाव टाकतेस. यंत्राला नाव कळत नाही, आकडा लागतो. म्हणून दर नव्या नावाला ते आधी कुणालातरी विचारतं, की बाबा, हा राहतो कुठं? ह्यालाच डीएनएस म्हणतात. पत्ता कळला की पुढचं काम चुटकीसरशी. पण ज्याला विचारायचं तोच मुका असेल, तर हे बिचारं दारात उभं. मग कंटाळून दुसऱ्याला विचारतं. कंपनीच्या त्या पानाला तर दहा ठिकाणांहून तुकडे आणावे लागतात. प्रत्येक तुकड्याला एवढीच वाट. तेवढ्यात पानाचीच मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. गेला तुझा तास.”

तिनं लॅपटॉपच्या पोटात शिरून पाहिलं. पत्ता विचारायला दोघं जण नेमलेले होते, तेही हातानं टाइप करून. दुसऱ्याला थेट विचारून पाहिलं, त्यानं पटकन उत्तर दिलं. पहिल्याला विचारलं, चिडीचूप.

“सापडला!” स्नेझाना म्हणाली. “पहिला मेलेला आहे. आणि त्याचा आकडा बाहेरच्या जगातला नाही. घरातल्या घरात यंत्रांना देतात ना, तसला आहे.”

“म्हणजे बोर्यानाच्या घरातला!” कालिना उसळून उठली. “मी म्हटलं नव्हतं? फोन लाव साहेबांना. आत्ताच्या आत्ता लाव!”

“असले आकडे प्रत्येक घरात असतात. तुझ्याही. बस खाली.”

स्नेझानानं आकडा पुन्हा वाचला. शेवटी सत्त्याहत्तर होतं. हॉस्टेलमधल्या तिच्या खोलीचा नंबर सत्त्याहत्तर होता. योगायोग असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं, पण तिचे कान गरम झाले होते.

३

“हा घरी शनिवारपासूनच रखडतोय?” तिनं विचारलं.

“शनिवारपासून. त्याआधी घरी कसा पळत होता!”

“आणि कचेरीत?”

कालिनानं तिच्याकडे रोखून पाहिलं. “कचेरीत तो कायमच रखडायचा. सोमवारी सोमवारी येते तेवढी मी. एप्रिलमध्ये तुला सांगितलं नव्हतं का? तू म्हणालीस, वायफाय जुनं आहे, सगळ्यांचंच असं आहे, नाटकं करू नकोस.”

म्हणाली होती खरी. कालिनाची तक्रार आली होती आणि स्नेझानानं ती मोठ्या आवडीनं केराच्या टोपलीत टाकली होती. दुसऱ्या कुणाची असती तर त्याच दिवशी लॅपटॉप उघडून पाहिला असता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“बोर्याना कधी लागली कामाला?” तिनं विचारलं, उत्तर माहीत असूनही.

“जूनमध्ये.”

“मग एप्रिलमध्ये तुझ्या लॅपटॉपला हात कुणी लावला?”

कालिना बोटांवर महिने मोजायला लागली. “कुणीच नाही. म्हणजे, मार्चमध्ये प्लामेननं साफसफाई करून दिली होती. त्याआधी सगळीकडेच छान चालायचा.”

बाल्कनीतून काकूनं हाक मारली. तिचा फोन वाजत होता आणि हात मिरच्यांनी बरबटलेले होते. स्नेझानानं फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून प्लामेनचा आवाज आला आणि तिचं काळीज लक्कन हललं. एवढ्या वर्षांनीही हललं, ह्याचा तिला राग आला.

“मिरच्या संपल्या का?” तो विचारत होता.

“नाही रे बाबा, संपल्यावर सांगते म्हटलं ना,” काकू ओरडली. “तू आधी घरी पोच!” फोन बंद झाल्यावर ती स्नेझानाला म्हणाली, “बुर्गासच्या बंदरावर काम चालू आहे त्याचं. मागच्या शुक्रवारी गेला, आज येतोय. अख्खा आठवडा रोज फोन. मिरच्या संपल्या का, मिरच्या संपल्या का. जन्मात कधी ह्यानं एका मिरचीचं साल काढलं नाही. मला वाटलं, वय झालं तसं पोरगं सुधारलं.”

“तुम्ही भाजायला कधी बसलात, काकू?”

“शनिवारी सकाळी.”

स्नेझानानं चुश्कोपेकच्या वायरीवरून नजर फिरवली. वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेली होती. बाल्कनीत सॉकेट तेवढं एकच. त्याच्यावरच्या फळीवर धूळ होती, आणि धुळीत तळहाताएवढा एक चौकोन स्वच्छ होता. फळीच्या मागून एक सडपातळ वायर निघून खाली लोंबत होती. तिचं दुसरं टोक भिंतीतल्या भोकातून घरात गेलं होतं, इंटरनेटच्या डब्याच्या दिशेनं.

“काकू, इथं काय होतं?”

तेवढ्यात दाराची बेल वाजली. प्लामेन आला होता.

४

तो उंच होता, केस पांढरे झाले होते, आणि त्याला ते शोभत होतं. स्नेझानाला बाल्कनीत पाहिल्यावर तो जागच्या जागी थबकला. मग त्यानं आईला हातपाय धुवायला पाठवलं, कालिनाला खाली पाव आणायला पाठवलं, आणि बाल्कनीचं दार ओढून घेतलं.

“तुला कळलं,” तो म्हणाला.

“शेवटी सत्त्याहत्तर लावलास.”

“विसरलो नाही मी.” तो हलक्या आवाजात म्हणाला. “काही गोष्टी माणूस विसरत नाही, स्नेझी.”

वीस वर्षांत तिला कुणी स्नेझी म्हटलं नव्हतं. ती बाहेर बघत राहिली. समोरच्या बाल्कनीत दुसरी एक म्हातारी तिच्या मिरच्या भाजत होती.

“कशासाठी केलंस?” तिनं विचारलं.

“ती मला फसवतेय. मला दिसत होतं. रोज रात्री मी झोपलो की ती लॅपटॉप उघडायची. म्हणून इथं फळीवर तो डबा बसवला, तू हॉस्टेलमध्ये शिकवलेला तसा. तिनं कुठलंही नाव टाकलं की आधी डब्याला विचारणार, डबा लक्षात ठेवणार. आणि बघ, निघालाच की! यावोर कुणीतरी. जूनपासून रोज रात्री त्याचीच वेबसाइट. रोज, स्नेझी! मी तिकडे बंदरावर मर मर मरतोय आणि ही इकडे...” त्याचा आवाज चिरकला. त्याला खरोखरच त्रास होत होता, हे तिला दिसलं.

“आणि बोर्यानाची नोकरी?”

“कोण बोर्याना?”

“तुझ्या डब्यापायी सहा वाजता जी रस्त्यावर येणार आहे ती.”

प्लामेननं खांदे उडवले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तिचं नाव तसंही निघालेलंच आहे ना? तू फक्त गप्प राहा. माझ्यासाठी एवढं कर. कुणाला कळणार आहे? मी कालिनाचा काय तो निकाल लावतो, आणि मग... मग आपण बोलू. निवांत.”

आपण बोलू. ह्या शब्दांची तिनं किती वर्षं वाट पाहिली होती, ते तिचं तिलाच ठाऊक. कालिना घराबाहेर, आणि ती आत. मोह झाला तिला. चांगलाच झाला. खांद्यावरचा हात तिनं लगेच झटकला नाही.

पण कॉफीच्या यंत्रापाशी एकटी उभी असलेली बोर्याना तिला आठवली.

“दार उघड, प्लामेन,” ती म्हणाली.

५

कालिना पाव घेऊन आली तेव्हा स्नेझाना स्वयंपाकघरात मिंचेव्ह साहेबांना फोन लावून, तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवून बसली होती. साडेपाच होऊन गेले होते. प्लामेन दाराला टेकून उभा होता.

“साहेब, ऐका, आणि मध्ये बोलू नका,” स्नेझाना म्हणाली. “ह्या लॅपटॉपमध्ये पत्ते कुणाला विचारायचे त्याचा एक आकडा हातानं घातलेला आहे, तो मार्चमध्ये. एप्रिलमध्ये कचेरीत हा रखडतो अशी तक्रार कालिनानं माझ्याकडे केली होती. मी लक्ष दिलं नाही, ती चूक माझी. बोर्याना आली जूनमध्ये. म्हणजे दुखणं तिच्या आधीचं.”

“पण घरी तर शनिवारपासून...” मिंचेव्ह साहेब बोललेच.

“तेच सांगते. कचेरीत रखडत होता आणि घरी पळत होता. का? तर ज्याला विचारायचं तो ह्या घरात होता. इथं असला की लगेच उत्तर, कचेरीत गेला की विचारायला समोर कुणीच नाही. आणि शनिवारपासून घरीही रखडायला लागला, कारण शनिवारी तो घरातलाही मुका झाला. काकू, शनिवारी सॉकेटमधून काय काढलंत?”

स्टोयांकाकाकू हात पुसत आली. “तो हिरवा दिवा लागायचा तो डबा ना? काढला मी. चुश्कोपेकला भिंतीतलंच सॉकेट लागतं, जोडवायर जळते. प्लामेन फोनवर म्हणाला, लाव परत, महत्त्वाचा आहे. मी म्हटलं, मिरच्या नासतील त्या? आधी मिरच्या, मग तुझा डबा.” तिनं कपाटातून बाटल्यांची झाकणं ठेवलेली टोपली काढली आणि तळातून एक छोटा काळा डबा बाहेर काढला. “हा घ्या. काय आहे हे?”

स्नेझानानं तो हातात घेतला. “तुमची सून रात्री कुठं कुठं जाते ते सांगणारा चहाडखोर आहे, काकू. पण अर्धवट. ह्याला फक्त दार कळतं, आतलं बोलणं कळत नाही. राहिलेलं तुमच्या मुलानं मनानंच भरलं.”

कालिनानं पाव टेबलावर ठेवला. नवऱ्याकडे पाहिलं. “काय भरलंस?”

“यावोर कोण आहे?” प्लामेननं विचारलं. “सांग की सगळ्यांसमोर! रोज रात्री कोण हा यावोर?”

कालिनाला आधी समजलंच नाही. मग तिच्या गळ्यापर्यंत लाली चढली.

“बोर्यानाचा भाऊ,” ती म्हणाली. “त्याच्या वेबसाइटवर तो बहिणीची भाषांतरं टाकतो. कथा, कविता. मी वाचायची. रोज रात्री, तू झोपलास की. जळफळत वाचायची, समजलं? तिला जे चार शब्दांत येतं ते मला चाळीस वर्षांत आलं नाही. बानित्सा नेणं सोडलं मी तिच्यासाठी. आणि काल कचेरीत येऊन सगळ्यांसमोर तिला दगाबाज म्हणाले.” ती खुर्चीत बसली. “आणि तू सहा महिने ह्या डब्यातून... मला वाटायचं, ह्याला माझ्या मनातलं न सांगता कळतं. मी काही शोधत असले की आपणहून विचारायचा, तेच बरोबर. मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे मी!”

स्नेझानानं हातातला डबा टेबलावर ठेवला. समोरच्या बाईच्या तोंडून तिचंच वाक्य आलं होतं. हॉस्टेलमध्येही पत्ते सांगणारी अशीच एक पेटी होती, ती तिनंच जोडली होती. लाइन फार हळू होती, पत्ते लवकर मिळावेत एवढ्यासाठी. सांभाळायचा मात्र प्लामेन. पेटीनं काय लक्षात ठेवलं आहे ते उघडून बघायचं तिला कधी सुचलंही नव्हतं. घरच्या गावाला जायच्या गाडीची वेळ तिनं शोधली, की संध्याकाळी तो विचारायचा, काय ग, घरची आठवण येतेय का?

“प्लामेन,” ती म्हणाली. “हॉस्टेलमधली पेटी. रोज रात्री तू काय बघत बसायचास?”

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो चपला शोधायला लागला.

“सहा वाजत आले,” टेबलावरून मिंचेव्ह साहेबांचा आवाज आला. “मी... मी बोर्यानाला काय सांगू?”

“थांबा,” कालिना म्हणाली. “तुम्ही काही सांगू नका. तिला फोन द्या.” पलीकडे पावलं वाजली, कुजबुज झाली. मग बोर्यानाचा आवाज आला, ताठ आणि कोरडा. कालिनानं फोन हातात घेतला. “बोर्याना, तू काही केलं नाहीस. मी खोटं बोलले, आणि मला ते खरं असावंसं वाटत होतं. तुझं सगळं वाचलंय मी. जळून वाचलंय, पण एकही ओळ सोडली नाही. मुख्य जागा तू घे.”

“सोमवारी बानित्सा आण,” बोर्याना म्हणाली. “मग बघू.”

स्नेझानानं लॅपटॉपमधला पहिला आकडा खोडला. सत्त्याहत्तर गेलं. एक नवं पान मागितलं, ते डोळ्याची पापणी लवायच्या आत समोर आलं. तिनं पिशवी उचलली. कालिनाबद्दल जे इतकी वर्षं पोटात दुखत होतं, ते तिनं चाचपून पाहिलं. ते तिथं नव्हतं.

दारात काकूनं तिच्या हातात भाजलेल्या मिरच्यांची गरम बरणी दिली. “ने पोरी. तुला सून करायची राहून गेली माझी. फार हळहळले मी तेव्हा.”

“नका हळहळू, काकू,” स्नेझाना म्हणाली. “वाचले मी.”